वाचणाऱ्याची तारीख

ऑक्टोबर दोन, रविवार
सकाळचे अर्धे दहा (आपल्याकडचे साडेनऊ)

प्रिय धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू, मास्तर आणि आमची नवरी मुलगी, सगळे खुशाल असाल. मीही बरी आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की गप्प बसतो. घरमालकीणबाईंनी शेवटी गच्चीचं गळणं बंद करून घेतलं. चार वर्षं मागे लागले होते.

तुझं रजिस्टर मंगळवारी मिळालं. पोस्टमन आता घंटा वाजवायच्या आधीच पेन उघडून ठेवतो. म्हणाला, "बाई, तुमच्या बहिणीकडे साधी तिकिटं मिळत नाहीत का हो? या गल्लीत रजिस्टर येतं ते एकतर कोर्टाचं, नाहीतर तुमच्या बहिणीचं." मी हसले आणि सही करून तारीख घातली. बावीस वर्षं तू मला एकही साधं पत्र पाठवलेलं नाहीस. वाढदिवसाचं कार्डसुद्धा पोचपावतीसकट येतं. का, ते मला माहीत आहे. त्यावर नंतर लिहिते.

पत्रिका फार सुरेख झाली आहे. आणि हसशील, पण मी ती हातात आल्याबरोबर लाल पेन घेऊन तपासली. जित्याची खोड. आपल्या भाषेत दिवस आधी, १२/११, तुमच्या डोंगरापलीकडच्या भाषेत महिना आधी, ११/१२, किनाऱ्याच्या भाषेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. वेळ आपली साडेचार, तुमची अर्धे पाच, किनाऱ्यावरची १६.३०. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तुझ्या छापखानेवाल्याला माझ्याकडून शाबासकी दे. आमच्या ऑफिसात असा एक माणूस असता तर माझे अर्धे केस काळे राहिले असते.

समासात तू पेनानं लिहिलं आहेस: "ताई, नोव्हेंबर, बारा तारीख. मुद्दाम अक्षरात लिहिते. बाबांच्या वेळी मी जो घोळ घातला तो परत आपल्या घरात नको." आणि खाली, की नोंदणीच्या वेळी मुलीकडच्या वडीलधाऱ्या माणसाची सही लागते, मास्तरांचे आई-वडील आता नाहीत, तेव्हा ती सही बाबांच्या जागी मी करावी, दुसरं कुणी तुझ्या मनात नाही.

मंगळवारपासून पत्रिका स्वयंपाकघराच्या टेबलावर आहे. जेवताना मी ती उलटी ठेवते.

ऑफिसचं सांगायचं तर पुढच्या जूनमध्ये माझी सुटका. साहेब म्हणतात, तुमच्यानंतर तारखा कोण बघणार. मी म्हटलं, कॅलेंडर बघेल. पण खरंच, बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही की नुसत्या तारखा आणि वेळा तपासायला सरकार एक बाई पोसतं. मागच्याच वर्षी मी आठ दिवस रजेवर होते आणि पाणीखात्याची नोटीस माझ्या टेबलावरून न जाता तशीच भिंतींवर लागली. पाणी बंद, ४/३. आपली माणसं चार मार्चच्या आधीच पिंपं भरून मोकळी. माझ्या शेजारची तीन घरं तुमच्याकडची, त्यांनी तीन एप्रिल वाचलं. बिचारे चार मार्चला कोरडे राहिले आणि तीन एप्रिलला घरातली वाटीसुद्धा भरून ठेवून नळाकडे बघत बसले, तर नळ दिवसभर धो धो. त्यातल्या आजोबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुम्ही त्याच ऑफिसात ना? मग कुठे होता?" मला इतकं लागलं ते. त्यांना वाटलं पाण्याबद्दल लागलं.

बघ, मी किती लांबून येते आहे. तू ओळखलं असशील. लहानपणी मी काही फोडलं की आधी सगळं घर झाडून काढायचे, मग सांगायचे.

बाबांचं शिडीवरचं रूप तुला कितपत आठवतं? आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मी तेरा. शाळा सुटली की तुला कडेवर घेऊन मी बसस्टँडवर जायचे. बाबा वर, हातात ब्रश, खाली आपण दोघी. गाड्यांच्या वेळा तीन भाषांत, आपली निळ्या रंगात, तुमची हिरव्या, किनाऱ्याची तांबड्या. एकदा एक हमाल म्हणाला, पेंटरसाहेब, एकाच पद्धतीनं लिहा की, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाबा शिडीवरून खाली उतरले. एरवी ते कुणासाठी उतरत नसत. म्हणाले, "गाडी मला पकडायची नाही, ज्याला पकडायची आहे त्याच्यासाठी लिहितोय मी." पुढे तीच आपल्या घरची रीत झाली. ज्याला लिहायचं त्याच्या पद्धतीनं तारीख घालायची. मावशी किनाऱ्यावर राहायची तर तिला वर्ष आधी. तुझं लग्न होऊन तू डोंगरापलीकडे गेलीस तर तुला महिना आधी. आणि तू मला लिहिताना दिवस आधी. चार वर्षं आपण दोघींनी हे पाळलं, एकदासुद्धा न चुकता. मला तर ऑफिसात त्याचाच पगार मिळत होता.

तू गेलीस तेव्हा बाबा दोन वर्षं तुझं नाव काढत नव्हते. परक्या भाषेतला नवरा, वरून न विचारता. मग मास्तरांनी आपल्या भाषेत, लहान मुलासारख्या अक्षरात, ते पत्र लिहिलं आणि बाबा विरघळले. इतके विरघळले की मला बघवेना. रोज उठून, पोस्टमन आला का. तुला लेक झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी स्टँडवर सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना चहा पाजला. नातीला कधी बघतो असं झालं होतं त्यांना.

पोटातली गाठ त्याआधीच निघाली होती. वर्षभर मी केलं सगळं. तक्रार म्हणून लिहीत नाही. पथ्य, औषधं, अंघोळ, ऑफिस, परत औषधं. डोळे रंगानं केव्हाच अधू झाले होते, त्यामुळे पेपर वाचून दाखवणं, तुझी पत्रं वाचून दाखवणं. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. पाच एप्रिल, सकाळी साडेनऊ. साधं ऑपरेशन, म्हणाले, आठ दिवसांत घरी. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. पहिलं वाक्य बोलले ते, "धाकटीला कळव. ती आली म्हणजे मला धीर येईल."

मी त्याच दिवशी तुला कार्ड लिहिलं. माझा हात घसरला आणि तारीख आपल्या पद्धतीनं पडली. ५/४. तू ती आपल्या घरच्या रीतीप्रमाणे वाचलीस, मे महिन्याची चार. तुझी काही चूक नव्हती, धाकटे. घोळ तू घातला नव्हतास, मी घातला. बावीस वर्षं हे सांगायचं राहिलं.

आता गुडघा दुखायला लागला, थोडं चालून येते. उरलेलं उद्या लिहून पोस्टात टाकते.

*

ऑक्टोबर पाच, बुधवार
दुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत

उद्याचा आज तिसरा दिवस झाला.

वरचं पत्र मी सोमवारी पाकिटात घातलं, तिकीटही लावलं. मग टाकण्याआधी एकदा वाचावं म्हणून उघडलं. काय करू, कागद समोर आला की हातात लाल पेन येतंच. वाचता वाचता शेवटापाशी आले आणि "माझा हात घसरला" या शब्दांखाली लाल रेघ ओढली गेली. माझ्या टेबलावर अशा रेघेचा अर्थ एकच असतो: हे खरं नाही, दुरुस्त करा. तर दुरुस्त करते.

हात घसरला हे निम्मं खरं आहे. कार्ड लिहिताना मी रागात होते आणि तारीख न बघता लिहिली. पण पेटीपाशी उभं राहून कार्ड आत सोडण्याआधी मी ते वाचलं. मी न वाचता काही सोडत नाही, तुला ठाऊक आहे. ५/४ दिसलं. तू मे महिन्यात येशील, हेही त्याच क्षणी दिसलं. पर्समध्ये पेन होतं. मी कार्ड सोडलं.

का, ते तुला कळायला हवं. कळून तुला माफ करावंसं वाटेल म्हणून नव्हे, पण कळायला हवं. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुला पोहायला, सायकल चालवायला, पाढे म्हणायला मी शिकवलं. तू न सांगता गेलीस ती बाबांना सोडून गेलीस असं सगळे म्हणत होते, मला सोडून गेलीस असं कुणीच म्हणालं नाही. आणि मग वर्षभर मी त्यांचं करत असताना त्यांना धीर तुझ्यामुळे येणार होता. मला वाटलं, ऑपरेशन होईल, बाबा घरी येतील, हिंडूफिरू लागतील, सगळं माझ्या हातून पार पडलेलं असेल, आणि मग मे महिन्यात तू दारात उभी राहशील. तेव्हा मी म्हणेन, "आता आलीस होय?" एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं, धाकटे. त्या एका वाक्यासाठी मी ते कार्ड सोडलं.

पण इथेही सगळं संपत नाही. पेटीत पडलेल्या कार्डाचं काय, दुसऱ्या दिवशी दुसरं टाकता आलं असतं. त्याच दिवशी मी दुसरं कार्ड लिहिलंही. तारीख अक्षरात, वेळ अक्षरात. पर्समध्ये ठेवलं. रोज पोस्टावरून जात होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुझं पत्र आलं.

हो, आलं. ते मिळालंच नाही असं मी तुला सांगितलं होतं. तेव्हापासून तू रजिस्टर पाठवतेस. मिळालं होतं. आपल्या पद्धतीनं, दिवस आधी घालून तू लिहिलं होतंस, की रजा मंजूर झाली, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, २/५ ला, लेकीला घेऊन येते, बाबांना सांग तिला दोन दात आलेत. बाबा खाटेवर टेकून बसले होते. म्हणाले, वाच. मी वाचलं. दात वाचले, रजा वाचली. तारीख वाचली नाही. बाबांनी विचारलं, "म्हणजे येते ना?" मी म्हटलं, "ऑपरेशनच्या दोन दिवस आधी येते म्हणते." यात एक शब्द खोटा नव्हता. सरकारी माणसाला अशी वाक्यं करता येतात.

ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून तीन रंगांत वेळा रंगवल्या, त्याला मी तसं वाचून दाखवलं. त्यांचे डोळे धड असते तर त्यांनी एका नजरेत पकडलं असतं.

तरी कार्ड पर्समध्ये होतंच. मार्चच्या मध्यावर एके दिवशी मी ठरवलं, आज टाकायचं, अजून वेळ आहे. निघताना बाबांनी हाक मारली. कपाटातला पांढरा सदरा काढ म्हणाले, इस्त्री करून ठेव, धाकटी येईल तेव्हा घालीन. वर्षभर माझ्यासमोर हा माणूस रंगाचे डाग पडलेल्या फाटक्या बनियनवर बसला होता. दहा वेळा मी म्हटलं असेन, बाबा, जरा नीट काहीतरी घाला, लोक येतात. मी पर्स खाली ठेवली आणि सदऱ्याला इस्त्री केली. कॉलर दोनदा केली. मग कार्ड पर्समधून काढून टेबलाच्या खणात ठेवलं. त्या दिवसानंतर मी ते बाहेर काढलं नाही.

तीन एप्रिलला त्यांनी सदरा घातला. तुझ्या गाडीच्या दोन्ही वेळा त्यांना पाठ होत्या, पाटीवर त्यांनीच रंगवल्या होत्या, सकाळची सात-दहा आणि दुपारची दोन-चाळीस. त्या दिवशी चार वेळा मला खिडकीपाशी पाठवलं. चार तारखेलाही. पाच तारखेला सकाळी स्ट्रेचरवर घेताना म्हणाले, "सात-दहाची चुकली असेल तिची, लहान मूल बरोबर आहे. दोन-चाळीसनं येईल. तू स्टँडवर जा घ्यायला, इथे बसू नकोस." मी हो म्हटलं. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. "बाबा, तिला तारीख चुकीची गेली, माझ्याकडून गेली," एवढंच. त्यांना निदान कळलं असतं की तू येत नाहीस ते रागानं नाही. नर्सनं दार लोटलं.

दुपारी मी खरंच स्टँडवर गेले. का गेले, सांगता येत नाही. दोन-चाळीसची गाडी आली, सगळी माणसं उतरली, मी बाबांच्या पाटीखाली उभी होते.

ते शुद्धीवर आले नाहीत. सात तारखेला गेले.

आठला, तार मिळताच, तू आलीस. कडेवर लेक, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सगळं आटोपलं होतं. दारातच तू म्हणालीस, "ताई, ऑपरेशन तर मे महिन्यात होतं ना गं?" आणि मी, तुझी ताई, काय म्हणाले ते तुला शब्दन् शब्द आठवत असेल. "तारीख नीट वाचायची ना." तू तिथे उंबऱ्यावरच बसलीस. म्हणालीस, हो, घरचं कार्ड होतं, घरच्यासारखं वाचायला हवं होतं मी. पुढे बावीस वर्षं तू तेच म्हणत आलीस आणि मी ते ऐकत आले.

मला वाटायचं, या वर्षी सांगू, त्या वर्षी सांगू. तू वर्षातून तीन पत्रं लिहायचीस, प्रत्येकात तारीख अक्षरात. प्रत्येक पोचपावतीवर मी सही करायचे. दर वर्षी पाच एप्रिलला तुझ्या पत्रात एक ओळ असायचीच, माझ्यामुळे बाबा वाट बघत गेले. त्या पत्राला उत्तर लिहायला मला महिना लागायचा. तुला वाटत असेल, ताईला अजून राग आहे. राग नव्हता. तुझ्यावर तर नव्हताच.

आणि आता तू लिहितेस, बाबांच्या जागी तू सही कर. ज्या मुलीचे दोन दात त्यांना बघायला मिळाले नाहीत, तिच्या लग्नाच्या नोंदवहीत. माझ्याच्यानं होणार नाही, धाकटे. म्हणजे सही करता येईल, उभ्या जन्मात हजारो केल्या. पण तुला हे सांगितल्याशिवाय नाही. तू सगळं वाचून मग ठरव. मास्तरांनाही वाचायला दे, लेकीलाही दे. त्या दोघांनाही हे लागू आहे.

सोबत दोन कागद ठेवते आहे. एक तुझं मार्चचं पत्र, जे मिळालं नाही असं मी सांगितलं. घडीवर बाबांच्या अंगठ्याचा मळका डाग आहे, ते कागद चाचपत बसायचे. दुसरं माझं कार्ड. तिकीट लावलेलं आहे, शिक्का नाही. तिकिटं तेव्हा केवढीशी असायची बघ. हे दोन्ही बावीस वर्षं एकाच खणात एकमेकांवर पडून होते, आणि मी त्याच टेबलावर जेवत होते. फेकता मला आले नाहीत. का ठेवले, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं, बहुतेक या पाकिटासाठी ठेवले असावेत.

आता पुढचं. नोव्हेंबर दहा, गुरुवारी, तुमच्या स्टँडवर दुपारी अर्धे दोनला जी गाडी पोचते, आपल्या भाषेत दीडला, त्या गाडीनं मी येते. घरी येणार नाही. तिकीट-खिडकीसमोर बाक असेलच, तिथे बसेन. परतीची गाडी अर्धे पाचला आहे, म्हणजे तुला यायचं तर तीन तास आहेत, आणि यायचं नसेल तरी मला ते तीन तास तिथे बसायचं आहे. तू आली नाहीस तर मी काही मनाला लावून घेणार नाही असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. लावून घेईन, आणि परत जाईन, आणि तू बरोबर केलंस असंच म्हणेन. उत्तर पाठवू नकोस. तुझ्या उत्तरावर सही करून ते घेण्याची माझी आता ताकद नाही.

लेकीसाठी बाबांचा बारीक ब्रश आणते आहे, निळ्याचा. तू आली नाहीस तर तिकीट-खिडकीत ठेवून जाईन, तिच्या नावाची चिठ्ठी लावून.

वाचलं आहे हे सगळं मी पुन्हा एकदा. लाल रेघ कुठे ओढावी लागली नाही.

तुझ्या वेण्या घालणारी,
ताई

(सोबतचं कार्ड)

फेब्रुवारी सव्वीस

प्रिय धाकटीस,
सकाळच्या कार्डातली तारीख मी चुकीची लिहिली, ती धरू नकोस. बाबांचं ऑपरेशन एप्रिल महिन्याच्या पाच तारखेला आहे, सकाळी अर्धे दहाला. लेकीला घेऊन लगेच नीघ. बाबा वाट बघताहेत.
मीही बघते आहे.
ताई